हिरव्या पेटीवरचं नाव

नाना जाऊन दहा वर्षं झाली. आमच्या कॉलनीत त्यांचा विषय अजून निघतो, आणि निघाला की कोणीतरी हसत म्हणतं, "तेच ना, जुन्या पेट्यांवर स्वतःच कोणाकोणाची नावं रंगवायचे आणि मग त्या लोकांना पत्रं टाकायचे?"

हे खोटं आहे. नानांनी आयुष्यात कुठल्याही पेटीवर एक अक्षरसुद्धा रंगवलं नाही. हे खोटं कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण ते पहिल्यांदा माझ्याच तोंडून बाहेर पडलं. तेव्हा मी साठ वर्षांचा होतो, आज बहात्तर पूर्ण आहेत. आता लिहिलं नाही तर राहून जाईल.

नाना जळगावच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स, नोटिसा लोकांच्या घरी नेऊन द्यायच्या आणि सही आणायची, हे बेलिफाचं काम. मी त्याच कोर्टात कारकून होतो, शेवटी हेडक्लार्क झालो. मी त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, पण खुर्चीने मोठा, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर आम्ही शेजारी झालो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. धुळ्याला एक भाची होती, तेवढंच काय ते माणूस.

पत्ता शोधण्यात नानांचा हात धरणारा कोणी नव्हता. समन्सवर नुसतं "अमुक अमुक, राहणार शिंप्याच्या घरामागे" एवढं लिहिलेलं असलं तरी नाना संध्याकाळपर्यंत सही घेऊन परत यायचे. आम्ही विचारायचो, "नाना, सापडला कसा?" ते म्हणायचे, "माणूस घर बदलतो भाऊसाहेब, पाणी भरायची विहीर लवकर बदलत नाही. तिथे जाऊन विचारायचं."

त्यांच्या घरात पाऊल टाकलं की आधी डांबरगोळ्यांचा आणि वाळलेल्या कडुनिंबाचा वास यायचा. मग पेट्या दिसायच्या. पत्र्याच्या ट्रंका, लाकडी पेट्या, चामड्याच्या सुटकेसा, प्रवासात अंथरूण गुंडाळून न्यायचा एक होल्डॉल, मोर काढलेल्या नवरीच्या पेट्या. पुढच्या खोलीत मोठीपासून धाकटीपर्यंत पेट्या अशा रचल्या होत्या की भिंतीला जिना लावल्यासारखा वाटायचा. तीन लष्करी ट्रंका एकमेकींना चिकटवून त्यांवर गादी टाकलेली होती, तोच त्यांचा पलंग. चामड्याची एक सुटकेस उघडी करून भिंतीला ठोकली होती. तिच्या एका कप्प्यात चहाचे ग्लास, दुसऱ्यात औषधं. होल्डॉल दोन खोल्यांच्या मधे पडद्यासारखा टांगलेला. जेवायला बसायची पेटी वेगळी, पेपर वाचायला बसायची वेगळी. पाहुण्याने चुकून जेवणाच्या पेटीवर बूड टेकलं की नाना हात जोडून म्हणायचे, "ती अन्नाची आहे. तुमची ती तिकडे, धाकटी."

कॉलेजची मुलं येऊन फोटो काढायची. एकाने विचारलं, "आजोबा, ही एवढी लगेज घेऊन तुम्ही कुठेकुठे फिरलात?" नाना म्हणाले, "धुळ्याला जातो. कापडी पिशवी घेऊन." मुलं हसली, तसे नाना पेट्यांकडे हात करून म्हणाले, "मी कशाला फिरू? ह्या फिरून आल्यात ना."

आणि हे खरंच होतं. धुळ्यापलीकडे ते गेल्याचं मला आठवत नाही.

या नादाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एका खेड्यात जप्तीला जावं लागलं होतं. "जप्तीत घरातून पहिली बाहेर येते ती पेटी," ते म्हणाले. "किल्ली देत नव्हती ती बाई. मी पंचांसमोर कुलूप तोडलं. आत दोन लुगडी आणि एक लहान मुलाचं झबलं. बाई रडली नाही, भांडली नाही. पेटीवर तिच्या बापाने तिचं नाव घातलं होतं, त्यावर पदर टाकला आणि उभी राहिली. नाव झाकलं तिने. मला आत काय होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं."

त्यानंतर त्यांनी कुलूप तोडलं नाही. त्यांच्याकडे चार-पाच पेट्या कुलूप लावलेल्याच होत्या, किल्ली नसलेल्या. कोणी हलवून बघितली आणि आत काही खुळखुळलं की नाना म्हणायचे, "आत काय आहे ते विचारू नका. कुठून आली ते विचारा."

पेट्या मिळायच्या त्या चाचांकडून. जुन्या बाजारात चाचांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. लग्नसराईत लोक जुनी पेटी देऊन नवी न्यायचे, आणि जुनी दुकानामागच्या भंगारात पडायची. नाना दर रविवारी तिथे. चाचा हातोडी खाली ठेवून म्हणायचे, "नाना, सारा गाव मेरे पास नई पेटी लेने आता है, आप अकेले हो जो मेरे भंगार में हाथ डालते हो. मेरे धंदे पे क्यों उठे हो?"

"नवी पेटी मुकी असते चाचा."

"तो मैं क्या करूँ, पेटी के साथ तोता बेचूँ?"

दोघं हसायचे. पण चाचांनी त्यांच्यासाठी एक नियम पाळला होता. ज्या पेटीवर नावगाव असेल ती ते पत्र्यासाठी कापत नसत, बाजूला ठेवत.

कारण नानांना नावाशी काम होतं. आपल्याकडे पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव, गाव, तालुका घालायची रीत होती. नाना पेटी घरी आणायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, दुसरं काही लावायचे नाहीत. गंज दिसला तर खोबरेल तेलाचं बोट. मग वहीत नोंद करायचे: नंबर, रंग, लांबी, कुठे पोचा, कुठे ठिगळ, आणि नाव जसंच्या तसं. तोच नंबर एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी कडीला बांधायचे. आणि पोस्टाचं कार्ड टाकायचे. मजकूर ठरलेला असायचा, "तुमच्या घरातील या नावाची पेटी माझ्याकडे आहे. सुस्थितीत आहे. न्यावी, अगर येऊन बघून जावी. काही देणे नाही."

मी विचारलं, "नाना, आता मोबाइल आले. कार्ड कोण वाचतं?"

"आयुष्यभर लोकांच्या दारात वाईट कागद घेऊन गेलो," ते म्हणाले. "मला बघून बायका आत पळायच्या. आता चांगला कागद पाठवतो, तर तुम्ही पाठवू देत नाही."

बहुतेक कार्डांना उत्तर येत नसे. जामनेरच्या एकाने उलट टपाली कळवलं, "आमच्या वडिलांची आहे, पण घरात जागा नाही. ठेवून घ्या." नाना दोन दिवस त्या पेटीकडे पाठ करून बसले. फैजपूरचं एक केळीवालं कुटुंब मात्र पिकअप घेऊन आलं. आजोबांची पेटी बघून त्यांच्यातला मोठा, धिप्पाड माणूस, दारातच बसला आणि पेटीच्या कडीवरून हात फिरवत राहिला. जाताना त्यांनी केळीचा घड ठेवला. नाना "काही देणे नाही, म्हणजे काही घेणेही नाही" म्हणत मागे धावले, पण पिकअप निघून गेली. आठवडाभर आमच्या कॉलनीत सगळ्यांनी केळी खाल्ली.

आता माझ्याकडे येतो.

माझ्या मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. जावयाने धुळ्याबाहेर हायवेला हॉटेल काढायचं ठरवलं. सजावट करणारा माणूस बाहेरून बोलावला होता. तो म्हणाला, आजकाल जुन्या ट्रंकांचा लुक चालतो, काउंटरजवळ आठ-दहा ठेवल्या तर लोक फोटो काढायला थांबतील. व्याह्यांच्या घरी जेवताना हा विषय निघाला आणि मी हातात घास धरून म्हणालो, "त्याची काळजी सोडा. माझ्या शब्दावर मिळतील." व्याही माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने बघत होते.

नानांना विचारलं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, हॉटेलात पेटीवर लोक पाय ठेवतात."

"नाही ठेवणार. दोरी लावू."

"दोरी लावून पेटी ठेवायची, म्हणजे ती आजारी आहे का?" ते हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "नका मागू. नाही म्हणायला मला जड जातं."

पुढच्याच आठवड्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धुळ्याला भाचीकडे गेले. पंधरा दिवसांसाठी. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. "खिडक्या तेवढ्या सकाळी उघडा. कोंदट हवेत पत्रा गंजतो."

मी सहा ट्रंका टेम्पोत घालून धुळ्याला पाठवल्या. दोन दिवसांचा प्रश्न होता. उद्घाटन झालं की परत आणायच्या, नाना यायच्या आत जागच्या जागी. त्यांचे डोळे बांधलेले, आणि ते पडून होते हॉटेलपासून फार तर दोन मैलांवर. टेम्पो त्यांच्या भाचीच्या गल्लीच्या तोंडावरून गेला असेल.

उद्घाटनाला गेलो तर ट्रंका चकाकत होत्या. एकाही ट्रंकेवर नाव नव्हतं. सजावटवाल्या माणसाने थिनर लावून घासून घेतल्या होत्या. मला अभिमानाने म्हणाला, "काका, ती नावं धर्मशाळेसारखी दिसत होती. आता बघा लुक." कडीच्या चिठ्ठ्याही कुठे गेल्या होत्या. शेजारी व्याही उभे होते. ते म्हणाले, "वा! तुमचे मित्र मोठ्या मनाचे दिसतात." मी म्हणालो, "हो."

परत आणल्यावर मी नानांची वही काढली. गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्या एका पेंटरला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि वहीतली नावं ट्रंकांवर उतरवून घेतली. पेंटर हुशार होता. अक्षरं जुनाट दिसावीत म्हणून त्याने वाळल्यावर चहाच्या पाण्याचा बोळा फिरवला. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. चार ट्रंका वहीवरून सहज ओळखता आल्या. दोन मात्र हिरव्या, दोन्ही अडीच फुटी. एक जामनेरची, एक दोंडाईच्याची. वहीत पुढे लिहिलं होतं, "दों., बुडास तेलाच्या डब्याचे ठिगळ." पण मी ते वाचलं नाही. रंग आणि लांबी जुळली, तेवढ्यावर थांबलो. ट्रंक उलटी करून बूड बघायला दोन मिनिटं लागली असती.

नाना आले ते हिरवा चष्मा लावून. सगळ्या पेट्यांवरून हात फिरवत गेले, जसं गोठ्यात जाऊन कोणी जनावरांच्या पाठीवरून हात फिरवतो. एका नावावर बोट थांबलं. "भाऊसाहेब, हे अक्षर वर आल्यासारखं लागतंय."

"हवा दमट होती," मी म्हणालो.

"असेल." त्यांनी विश्वास ठेवला.

दोंडाईच्याचं कार्ड त्यांनी धुळ्याला जाण्याआधीच टाकलेलं होतं. त्याला उत्तर कार्डाने आलं नाही. दहाबारा दिवसांनी सकाळच्या पॅसेंजरने माणूसच आलं. सत्तरीची एक बाई आणि बरोबर तिचा मुलगा. मी नानांकडे पेपर वाचत बसलो होतो.

बाई पाणीसुद्धा न पिता बोलायला लागली. तिचा मोठा भाऊ, ती दहा वर्षांची असताना, सुरतेला कामाला गेला. दोन पत्रं आली, मग काही नाही. तो मेला की कुठे संसार थाटून बसला, साठ वर्षांत कळलं नाही. आई मरेपर्यंत गाडीच्या वेळेला दारात येऊन उभी राहायची. घरात त्याचा फोटो नव्हता. जे काही होतं ते तो त्या पेटीत भरून घेऊन गेला होता. कार्ड आलं तेव्हा मुलाने वाचून दाखवलं, आणि बाईने ते आठ दिवस उशाखाली ठेवलं.

नानांनी तिला हात धरून पेटीपाशी नेलं. पांढऱ्या अक्षरात तिच्या भावाचं नाव. मुलाने वाचलं. बाईने दोन्ही हात पेटीवर ठेवले, डोळे मिटले. मग काय वाटलं कोण जाणे, मुलाला म्हणाली, "उलटी कर."

मुलाने पेटी उलटी केली. बाईने बुडावरून हात फिरवला. एकदा, दोनदा, चारी कोपऱ्यांपर्यंत. सपाट पत्रा होता.

"हाई मन्हा भाऊनी पेटी नही शे," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "अक्का, नाव..."

"नाव शे. पेटी नही शे. स्टेशनवर जाताना गाडीवरतून पडनी व्हती ती. बुड फाटी गयं व्हतं. मन्हा बापनी तेलना डबानं ठिगळ मारेल व्हतं, मन्हासमोर." मग तिचा आवाज चढला. "नाव मन्हा भाऊनं, पेटी दुसरानी! कसाले करतस असं? म्हातारीनी थट्टा करतस?"

मुलाने अक्षरांवर नख ओढलं. पांढरा रंग नखाबरोबर सालपटासारखा निघाला, जुना रंग असा निघत नाही. "नवीन रंग आहे हा," तो म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय. काय पाहिजे काय तुम्हाला आमच्याकडून?"

ठिगळ हा शब्द ऐकताच नानांची मान वळली होती. त्यांना वहीतली ओळ आठवली असणार. त्यांनी आधी त्या रंगाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. किल्ली एकाच माणसाकडे होती. ते वाट बघत होते, की मी बोलेन.

मी उठलो, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मनावर घेऊ नका. नानांचं वय झालंय. एकटे असतात. मनानेच नावं लिहितात आणि लोकांना पत्रं टाकतात. वाईट हेतू नाही त्यांचा."

दारात दोन-चार शेजारी जमले होते. त्यांनी ते ऐकलं.

बाई पायरी उतरताना नानांकडे बघून थुंकली नाही, शिवी दिली नाही. नुसती म्हणाली, "मन्ही माय आज दुसरांदाव मरनी." दुसरी हिरवी पेटी, ठिगळाची, तिच्यापासून चार पावलांवर होती, जामनेरच्या नावाखाली.

संध्याकाळी नाना माझ्याकडे आले. हातात वही आणि एक कोरं कार्ड. त्यांनी दोन्ही पेट्या उलट्या करून पाहिल्या होत्या. खुर्चीवर बसले नाहीत.

"भाऊसाहेब, कसं झालं ते मी विचारत नाही. मी तिला पुन्हा लिहिलं तर ती विश्वास ठेवणार नाही. आज तुम्ही मला वेडा ठरवलंत, आता वेड्याची साक्ष कोण घेईल? तुम्ही एक ओळ लिहा. नावं बदलली ती तुमच्या हातून, एवढंच. खाली सही करा. पुढचं मी लिहितो."

मी म्हणालो, "बघतो नाना. ठेवा कार्ड."

मी जन्मभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं तपासली. कोणाची सही राहिली, कोणाची तारीख चुकली, लाल पेन्सिलीने खुणा करत बसलो. पण ते कार्ड मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर व्याह्यांना कळलं असतं की मी मित्राच्या पेट्या चोरून नेल्या होत्या. मुलगी त्या घरात नवीन होती. हे कारण तेव्हा मला फार मोठं वाटायचं. ते हॉटेल पुढे चार वर्षांत बंद पडलं.

नाना दुसऱ्यांदा मागायला आले नाहीत. त्यांनी एकट्यानेच एक कार्ड टाकलं. उत्तर मुलाकडून आलं: "पुन्हा पत्र टाकू नये." ते त्यांनी मला दाखवलं नाही, त्यांच्या मागे वहीत सापडलं. त्यानंतर त्यांनी कोणालाच कार्ड टाकलं नाही. चाचांकडे जायचे, बसायचे, रिकाम्या हाताने यायचे. चाचांनी मला एकदा वाटेत थांबवून विचारलं, "साहब, नाना को क्या हुआ? पेटी दिखाता हूँ तो बोलते हैं, रहने दो, मेरे घर में नाम सलामत नहीं रहते." मी काहीतरी सांगून निघालो.

माझ्याशी मात्र त्यांनी बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर बरं झालं असतं. रोज सकाळी "भाऊसाहेब, चहा?" म्हणून हाक मारायचे. फक्त घराची किल्ली पुन्हा माझ्याकडे दिली नाही. धुळ्याला जायचे तेव्हा खिडक्या बंदच असायच्या.

दोन वर्षांनी ते गेले. भाचीने घर रिकामं केलं. सगळ्या पेट्या एका फर्निचरवाल्याने उचलल्या. आता त्या कुठल्या तरी हॉटेलांत, बंगल्यांत, काचेचं टेबल डोक्यावर घेऊन उभ्या असतील. मी भाचीकडे एकच मागितली, ठिगळाची हिरवी. तिने दिली. वाटलं होतं, आठवडाभरात दोंडाईच्याला नेऊन देऊ. ती दहा वर्षं माझ्या पलंगाखाली होती. बायको त्यात गोधड्या ठेवायची.

मागच्या दिवाळीत मुलगी, जावई, नातवंडं घरी होती. नातू मित्राला फोनवर सांगत होता, "आमच्या आजोबांच्या शेजारी एक वेडा म्हातारा होता, तो पेट्यांवर मनानेच नावं लिहायचा." मनानेच नावं लिहायचा, हे माझंच वाक्य होतं. मी मेल्यावरही तो ते सांगत राहणार होता.

मी गोधड्या काढल्या. थिनरने जामनेरचं नाव पुसलं. तिथे काही लिहिलं नाही. पेटी दोंडाईच्याच्या पॅसेंजरमध्ये घातली.

अक्का जिवंत होती. ब्याऐंशीची असेल, ओट्यावर बसलेली. मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला होता. मी पेटी तिच्यापुढे उलटी ठेवली आणि कोण, कुठून, ते सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती. तिचा हात बुडावर होता. ठिगळाच्या रिव्हेटा तिने एकेक करून बोटाने मोजल्या. मग ठिगळावर तळवा ठेवून बराच वेळ तशीच बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"आते सांग," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. टेम्पो, थिनर, पेंटर, माझं वाक्य, न लिहिलेली ओळ. काही राखलं नाही.

"म्हनजे तो म्हातारा खरं बोलना व्हता."

"हो."

"शे का तो?"

"नाही. दहा वर्षं झाली."

ती म्हणाली, "मी तं बठ्ठी गल्लीले सांगेल शे, जळगावना तो म्हातारा लबाड शे म्हनीसन. कितला वरीस सांगी ऱ्हायनू मी. त्या मानूसले शिव्या दिध्यात." तिने माझ्याकडे बघितलं. "आते मी कितला घरे फिरू? मन्हा पाय चालतस नही. तू फिर."

"मी?"

"मंग कोन? त्या घरपाईन सुरू कर." तिने समोरच्या दाराकडे बोट केलं.

मी गेलो. दारात तिशीची एक बाई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, समोरच्या अक्का एका पेटीवाल्या म्हाताऱ्याबद्दल सांगायच्या, ते आठवतं का? तिने मान हलवली. "कोणता म्हातारा बाबा? मी लग्न होऊन आले त्याला चारच वर्षं झाली. सासूबाईंना माहीत असेल, पण त्या नाहीत आता."

मी रस्ता ओलांडून परत आलो. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं होतं. म्हणालो, "अक्का, त्यांना माहीतच नाही. सगळे विसरलेत."

"तिले ठाऊक नही," अक्का म्हणाली. "तुले ठाऊक शे ना? जाय. सांग."

मी पुन्हा रस्ता ओलांडला. त्या बाईपुढे उभा राहिलो आणि सुरुवातीपासून सांगितलं, की जळगावला नाना नावाचे एक बेलिफ होते, त्यांनी या समोरच्या अक्कांना एक पत्र लिहिलं होतं, त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि खोटं मी बोललो. ती हातातलं सूप खाली ठेवून ऐकत होती. तिला त्यात काय कळलं असेल ते मला माहीत नाही. संपल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "दमलात बाबा. बसा, चहा टाकते."

मागे वळून पाहिलं. अक्काचं बोट पुढच्या दाराकडे होतं.

"नको," मी म्हणालो, "अजून सहा घरं आहेत."